घरच्या आर्केडचा स्पिनर: विकतचा की हातचा?

मंडळी, घरी जुन्या व्हिडिओ गेमचं आर्केड कॅबिनेट करताना जॉयस्टिक आणि बटणं बहुतेक सगळेच विकत आणतात आणि ते बरोबरच आहे. स्पिनरचा, म्हणजे न अडता गोल फिरणाऱ्या नॉबचा, निर्णय मात्र इतका सरळ नाही. आधी कोणता खेळ खेळायचाय ते ठरवा. अटारीचा १९८१चा 'टेम्पेस्ट' घ्या. त्यात नॉबला झटका दिला की तो स्वतःच्या वजनाने फिरत राहायला हवा. टायटोच्या १९८६च्या 'अर्कॅनॉइड'मध्ये उलट गरज आहे, तिथे फळी केसभर सरकवून नेमकी थांबवावी लागते. म्हणून त्याच्या मूळ स्पिनरमध्ये गिअर होते. नॉब जरासा हलला, की आतली फिरणं मोजणारी चकती पुष्कळ जास्त फिरायची.

विकतचे पर्याय चांगले आहेत. अल्टिमार्कचा स्पिनट्रॅक परदेशी मंडळी वर्षानुवर्षं वापरतात. जोडला की संगणकाला तो माऊसच वाटतो, आणि मेम या, जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या इम्युलेटरला तेवढंच पुरतं. आपल्याकडे मात्र टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशोब करावा लागतो. हाताशी वेळ नसेल तर खुशाल विकत घ्या.

पण मी बनवायच्या बाजूचा आहे, आणि तेसुद्धा अर्धंच. नॉबचं फिरणं मोजणारा सेन्सर घरी बनवू नका. जुन्या बॉल-माऊसची खाचांची चकती काढून पूर्वी लोक स्पिनर करत. त्या चकतीला खाचा थोड्या असतात, आणि जोरात फिरवल्यावर मोजणी चुकून पडद्यावरचा खेळाडू मागे पळू लागतो. त्याऐवजी कारखान्यात वापरतात तो एका फेऱ्यात ६०० पल्स (विजेचे ठोके) देणारा ऑप्टिकल एन्कोडर, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने फिरणं मोजणारा सेन्सर, घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा, ऑनलाइनही सहज मिळतो. आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखाली असतो तसला टकटक करणारा छोटा एन्कोडर मात्र घेऊ नका. एका फेऱ्यात विसेक टप्पे, त्यात खेळ होत नाही.

या एन्कोडरच्या दोन तारांवरचे सिग्नल पाव टप्प्याने पुढे-मागे असतात, त्यावरून दिशा कळते. प्रत्येक चढ-उतार मोजला, तर ६००चे २,४०० होतात. ही मोजणी संगणकाला पोचवायला आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्या. त्यातला लिओनार्डो जातीचा माऊस म्हणून वावरू शकतो, तो वापरा. बहुतेक स्वस्त एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते सिग्नल फक्त खाली ओढतं, त्यामुळे तो वर ओढणारे पुल-अप रेझिस्टर लागतातच.

आणि इथे नीट लक्ष द्या. माऊसच्या एका संदेशात जास्तीत जास्त १२७ एवढंच अंतर मावतं. नॉब सेकंदाला पाच फेरे फिरला तर १२,००० मोजण्या होतात. तुमचा प्रोग्राम दर २० मिलिसेकंदांनी संदेश पाठवत असेल, तर एकेका संदेशात २४० भरायला जातात. आकडा उलटून ऋण होतो आणि जोराचा झटका नेमका उलट्या दिशेला जातो. लोक दोष एन्कोडरला देतात. संदेश दर मिलिसेकंदाला पाठवा, उरलेलं अंतर पुढच्या संदेशात टाका.

खरं काम वजनाचं. कारखान्याच्या एन्कोडरचा दांडा धूळ आणि तेल आत जाऊ नये म्हणून सील केलेला असतो, त्यामुळे तो जड फिरतो. सील काढून घट्ट ग्रीस पुसलं की मोकळा होतो. मग लेथवाल्याकडून पितळेची चकती घडवून घ्या, भोक अगदी मध्यावर हवं, नाहीतर कॅबिनेट थरथरेल. 'टेम्पेस्ट'साठी ती जड ठेवा. 'अर्कॅनॉइड'साठी काढून टाका आणि मेममध्ये संवेदनशीलता कमी करत न्या. चकती एका स्क्रूवर बसवली, तर दोन्ही खेळ एकाच नॉबवर नीट खेळता येतात.