पहिला प्रश्न वकील काय विचारतो?

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही. आयुष्य बँकेत गेलं, आणि रिटायर झाल्यावर कळलं की आत्याने तिच्या विलमध्ये मला एक्झिक्युटर, म्हणजे विलप्रमाणे सगळं वाटून देणारा माणूस, करून ठेवलंय, न विचारता, कारण काय तर "हा बँकेत आहे, हिशोबाचा असणार". २०१६ला आत्या गेली. पार्ल्यातला वन रूम किचन, थोड्या एफडी, थोडे शेअर, मूलबाळ नाही, भाचे-पुतणे सात. त्या सात जणांपायी आणि एका चुकीच्या वकिलापायी, विलच्या कामाला वकील कसा निवडावा याचं जे शिकलो तेवढंच आज बोलणार आहे.

तेव्हा मुंबईत हिंदू माणसाच्या विलला प्रोबेट, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, सक्तीचं होतं. म्हणजे गंमत बघा, फ्लॅट मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे असेल तर हायकोर्टात जा, पलीकडे ठाण्यात असेल आणि विलही तिकडेच केलेलं असेल तर गरज नाही. इंग्रजांच्या काळापासून मुंबई, मद्रास, कलकत्ता या तीन शहरांसाठी चालत आलेलं होतं ते. २०२५च्या डिसेंबरमध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातलं ते कलम २१३ काढून टाकलं. लगेच आमच्या बिल्डिंगमध्ये एकजण म्हणाला, चला, वकील सुटला! नाही हो, सुटला नाही. सक्ती गेली, प्रोबेट गेलेलं नाही. वारसांमध्ये कुजबुज असेल, सही खरी की खोटी असा संशय असेल, तर हे विल खरं आहे असं सगळ्यांना बांधणारं कोर्टाचं उत्तर प्रोबेटमधूनच मिळतं, आणि बँक किंवा सोसायटीची कमिटी घाबरट असली तर ती अजूनही कागद मागू शकते.

आता माझा पहिला वकील. आमच्या ओळखीतला, फ्लॅटचे ॲग्रीमेंट करणारा, माणूस गोड. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, "फ्लॅट केवढ्याचा आहे?" मी आपला आकडा सांगितला, त्याने फी सांगितली, चहा झाला, वकालतनाम्यावर सही केली आणि घरी आलो. पुढची दोन वर्षं "ऑब्जेक्शन काढलंय, भरतोय", "क्लार्क रजेवर आहे". पिटिशनला नंबरच पडला नव्हता, म्हणजे कोर्टात अर्ज धड दाखलच झाला नव्हता! आणि या दोन वर्षांत विलचे एक साक्षीदार, आत्याच्या शेजारचे काका, वारले. विलवर दोन साक्षीदार लागतात, आणि कोर्टात त्यातल्या एकाचं तरी अफिडेव्हिट लागतं की सही आमच्यासमोर झाली. या माणसाने मला साक्षीदारांबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वकीलबाई फोर्टात बसायच्या, ऑफिस एवढंसं, फायलींच्या मधून वाट काढत खुर्चीपर्यंत जायचं. त्यांनी फ्लॅटची किंमत विचारलीच नाही. पहिला प्रश्न, मूळ विल कुठे आहे? दुसरा, साक्षीदार हयात आहेत का आणि वय काय? तिसरा, वारस किती आणि कोण बोलत नाही कोणाशी? मी विल काढून दिलं तर झेरॉक्सवाल्याने पिन काढून परत मारली होती, कोपऱ्याला चार भोकं. बाई ती भोकं उजेडात धरून बघत बसल्या. म्हणाल्या, "उद्या कोणी म्हणेल मधलं पान बदललंय." त्या दिवशी मला कळलं वकील कशाला म्हणतात.

दुसरे साक्षीदार म्हणजे आत्याचे डॉक्टर, वय ८४, पुण्याला मुलाकडे. बाईंनी त्याच आठवड्यात त्यांचं अफिडेव्हिट करून घेतलं. मग सातही वारसांकडे संमतीचा कागद. सहा जणांनी सह्या दिल्या, एकाने नाही, म्हणून त्याला सायटेशन, म्हणजे हरकत असेल तर सांगा अशी कोर्टाची नोटीस, गेलं. त्याने जर कॅव्हेट, म्हणजे हरकतीचा कागद, आणि अफिडेव्हिट टाकलं असतं तर साध्या पिटिशनचा दावा झाला असता आणि मी आज इथे नाही, कोर्टात असतो. त्याने टाकलं नाही. का नाही टाकलं ते त्यालाच माहीत, लग्नात भेटतो, बोलत नाही.

पैशाचं बोलू. महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी किमतीप्रमाणे वाढत जाते पण ७५,००० रुपयांवर थांबते, मग मालमत्ता कितीही असो. त्यामुळे कोणी "कोर्ट फीच लाखांत आहे" म्हणाला तर तिथेच उठा. वकिलाची फी वेगळी, ती टप्प्याटप्प्याने लिहून घ्या, आणि वाद झाला तर काय हे पण आधीच. "फ्लॅट विकला की इतके टक्के द्या" असं म्हणणारे भेटतात, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. आणि लिहून घ्याच, कारण वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ला सांगितलंय, म्हणजे तिथे जाऊन रडता येणार नाही. माझ्या पहिल्या वकिलाने फीसाठी फाईल अडवली होती. तर सुप्रीम कोर्टाने २०००मध्येच म्हटलंय की फीपोटी पक्षकाराची फाईल दाबून ठेवता येत नाही. बाईंनी एवढं एक वाक्य पत्रात घातलं, फाईल चौथ्या दिवशी आली.

टॅक्सचं थोडक्यात. आपल्याकडे इस्टेट ड्युटी, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर, होती, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत, ती १९८५ला गेली. वारशाने मिळालं म्हणून आज टॅक्स नाही, पण विकलंत की नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स आहे आणि त्यात आत्याची खरेदी किंमत धरतात, खरेदी एप्रिल २००१च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत धरता येते, ते काम सीएचं. हां, एक भलतंच सांगतो. ॲपवरून अमेरिकन शेअर घेताय ना बरेचजण? तिकडे न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेत ६०,००० डॉलरच्या वर तिकडचा इस्टेट टॅक्स लागतो, दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. तुमचे डॉलर त्या घरात असतील तर वकिलाला हे विचारा, तो गोंधळला तर दुसरा बघा.

ट्रस्टचंही तसंच. ज्यांचं मूल स्वतःचं बघू शकणार नाही त्यांनी खाजगी ट्रस्टचा विचार करावा, तो १८८२च्या कायद्याखाली होतो. वकील जर म्हणाला चला वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे, तर त्याला सार्वजनिक आणि खाजगी ट्रस्ट यातला फरकच माहीत नाही, ते ऑफिस सार्वजनिक ट्रस्टचं, नमस्कार करा आणि निघा.

आणि हो, प्रोबेट हातात पडलं की दोन-तीन सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा. सोसायटीचे सेक्रेटरी ओरिजिनल मागतील. आमच्याही सेक्रेटरींनी मागितलं. दाखवायचं, त्यांच्यासमोर टॅली करून द्यायचं आणि परत पिशवीत.