सुट्टीत राजकारण वाचायचं तर एक निकाल अख्खा वाचा

मंडळी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही आणि चहाबरोबर वाचायचं काय असा प्रश्न अर्ध्या दादरला पडतो. मग मोबाईल उघडायचा, कोण कोणाला काय बोलला ते बघायचं, फॅमिली ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकतो, काका भडकतात, मेव्हणा ग्रुप सोडतो. दिवाळी अंकातले राजकीय लेख चांगले असतात, मी वाचतोच, पण ते लिहिलेले असतात दोन-तीन महिने आधी आणि तेवढ्यात आपल्याकडे कोण कुठल्या पक्षात गेलेला असेल त्याचा नेम नाही.

म्हणून माझं म्हणणं, यंदा सुट्टीत सुप्रीम कोर्टाचा एक निकाल अख्खा वाचा. ११ मे २०२३ चा, सुभाष देसाई केस, २०२२ मध्ये शिवसेना ठाकरे आणि शिंदे गटांत फुटली त्यावरचा. या हॉलमधल्या प्रत्येकाला त्याच्यावर मत आहे, पण वाचलाय किती जणांनी? हात वर करा. दोन. त्यातले एक वकील आहेत, ते धरायचे नाहीत.

इंग्रजी सोपं आहे, घाबरू नका. सगळ्यात मजेशीर भाग व्हिपचा, म्हणजे मतदान कसं करायचं हे आमदारांना सांगणाऱ्या पक्षाच्या आदेशाचा; तो काढतो पक्षाचा प्रतोद. एकाच पक्षाचे दोन प्रतोद, ठाकरेंचे सुनील प्रभू आणि शिंदेंचे भरत गोगावले, दोघेही म्हणणार माझा व्हिप खरा. आमदाराने ऐकायचं कोणाचं? कारण व्हिप मोडला की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, आमदारकी जाऊ शकते, गंमत नाहीये. तर पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने, म्हणजे सभागृहातल्या आमदारांच्या गटाने नाही, नाहीतर आमदाराची पक्षाशी असलेली नाळच तुटेल. नाळेची उपमा कोर्टाचीच हां, माझी नाही. म्हणून विधानसभा अध्यक्षांनी ३ जुलै २०२२ ला गोगावल्यांना दिलेली मान्यता बेकायदेशीर. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली तेही चूक. इथपर्यंत वाचून ठाकरेंची माणसं खूश होतात आणि थांबतात. थांबू नका ना! पुढेच लिहिलंय की २९ जूनला ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. तिथून शिंदेंची माणसं खूश. अपात्रतेचं काय ते अध्यक्ष ठरवतील, वाजवी वेळेत, असं म्हणून कोर्ट मोकळं.

आता सोबत दुसरा कागद घ्या, विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा १० जानेवारी २०२४ चा निर्णय. त्यात गोगावल्यांची नेमणूक वैध धरलीय आणि अपात्र कोणीच नाही, ना इकडचे ना तिकडचे. मग कोर्टाने बेकायदेशीर म्हटलं त्याचं काय झालं? तर झालं असं की २१ जून २०२२ ला, फूट पडली तेव्हा, खरा पक्ष कोणता होता हे अध्यक्षांनी आधी ठरवलं, आणि एकदा शिंदे गट हाच पक्ष म्हटल्यावर त्यांचा प्रतोद आपसूक खरा झाला. आणि खरा पक्ष कशावरून ठरवला तर मुख्यतः आमदार कोणाकडे जास्त यावरून. मला विचाराल तर फिरून फिरून आपण विधिमंडळ पक्षापाशीच आलो, ज्याला कोर्टाने दाराबाहेर ठेवलं होतं. तुम्हाला उलट वाटेल, वाटू दे, पण दोन्ही वाचून मग भांडा.

ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी निवडणूक रोख्यांचा, म्हणजे पक्षांना देणग्या द्यायच्या योजनेवरचा, १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल आहे, तो जरा मोठा आहे. किंवा मुंबई महापालिकेचं बजेट, २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं, त्यात आपला रस्ता शोधत बसा, दिवस छान जातो.

बरं, हॉल रिकामा करायचाय. देसाई निकाल शेवटाकडून सुरू करा, निष्कर्ष तिथे एकत्र दिलेत, मग मागे येत कारणं बघा. तुतारी एक्सप्रेसने गावी जाणाऱ्यांनी पीडीएफ आधीच डाउनलोड करून ठेवा, बोगद्यांत रेंज जाते.