चिठ्ठ्या, हाडं, मोहोर आणि तारेची जाळी

(लोखंडी कपाटांची रांग. एक खण ओढला जातो.)

हा खण ओढल्याचा आवाज ऐकलात? पुढची काही मिनिटं आपण याच खोलीत आहोत, कारण आमच्या कॅमेरामनला इथून हलवणं फार अवघड गेलं.

पुण्यात येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज आहे. नाव कॉलेज असलं तरी हे अभिमत विद्यापीठ आहे, पदवीच्या पोरांचा गोंगाट इथे नाही. टिळक-आगरकर इथे शिकले हे सगळ्यांना माहीत असतं, पण या कपाटांबद्दल विचारलं तर पुण्यातलीच माणसं डोकं खाजवतात. या खणांमध्ये चिठ्ठ्या आहेत, कागदाच्या साध्या चिठ्ठ्या, आणि त्या जवळजवळ एक कोटी आहेत.

१९४८ साली भाषाशास्त्रज्ञ डॉ. सु. मं. कत्रे यांनी ठरवलं की संस्कृतचा असा कोश करायचा ज्यात प्रत्येक शब्दाचा सगळा प्रवास असेल, म्हणजे तो ऋग्वेदात कुठल्या अर्थाने आला, मग उपनिषदांत काय झालं, वैद्यकाच्या ग्रंथात काय, नाटकात काय, असं करत करत थेट अठराव्या शतकापर्यंत. त्यासाठी साधारण दीड हजार ग्रंथ निवडले. आणि मग माणसं बसली वाचायला. एक ग्रंथ घ्यायचा, शब्द उचलायचा, चिठ्ठीवर लिहायचा, खाली ते वाक्य, त्याखाली ग्रंथाचं नाव आणि जागा, की पुढची चिठ्ठी. कॉम्प्युटर नाही, झेरॉक्स नाही, फक्त बोटं आणि शाई. चिठ्ठ्या काढण्याचं काम साधारण पंचवीस वर्षं चाललं. कोश लिहिण्याचं नाही हं, फक्त चिठ्ठ्यांचं.

(चिठ्ठीचा क्लोजअप. अक्षर वळणदार, शाई फिकट.)

हे अक्षर बघा. कुणाचं आहे ते चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. शेजारची चिठ्ठी दुसऱ्या हाताची, त्या पलीकडची तिसऱ्या.

आता याने होतं काय, तर एक उदाहरण सांगतो. असुर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मिशा, गदा आणि राक्षस येतो. पण ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय, इंद्राला, अग्नीलाही म्हटलंय, तिथे अर्थ साधारण सामर्थ्यवान, स्वामी असा. पुढे शब्दाचे दिवस फिरले आणि तो देवांचा शत्रू झाला. आणि मग गंमत बघा, लोकांना वाटलं यातला 'अ' म्हणजे नकाराचा, म्हणजे 'सुर' असाही शब्द असणार, म्हणून देवांसाठी 'सुर' तयार झाला! आधी असुर आणि मागून सुर. हे कळतं कसं? जुनं वाक्य आणि नवं वाक्य वेळेच्या क्रमाने शेजारीशेजारी ठेवली की कळतं. म्हणूनच तो चिठ्ठ्यांचा डोंगर. एखाद्या शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडायच्या, जुनी वर, नवी खाली, कुठे अर्थ वळला ते शोधायचं, परत मांडायच्या. आम्ही शूट करत होतो तेव्हा समोरचं काम इतकं शांत चाललं होतं की आमच्या ट्रायपॉडचाच आवाज जास्त.

पहिला खंड आला १९७६ ला. आतापर्यंत तिसाच्या वर खंड झालेत, आणि काम अजून 'अ' वरच आहे. हो, 'अ'. हे ऐकून हसणारे भेटतात, आम्हीही आधी हसलो होतो, मग एक खण आमच्या हातात दिला आणि म्हणाले घ्या, एका शब्दाचा क्रम लावून दाखवा. दुपार गेली. आमचा क्रम चुकला तो चुकलाच.

(त्याच आवारातला रस्ता, झाडं, मग पुरातत्त्वाचं संग्रहालय.)

याच आवारात थोडं चाललं की विषय एकदम बदलतो, तिथे शब्द होते आणि इथे मडकी. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या लोकांनी मोसमामागून मोसम खणलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्यांची वस्ती, सुमारे ३६०० वर्षांपूर्वी सुरू झालेली. शंभराहून जास्त घरं सापडली, चुली, धान्य साठवायच्या जागा सापडल्या. आणि माणसं.

मोठी माणसं जमिनीत उताणी निजवलेली आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. का, तर एक तर्क असा की मेलेल्याने उठून घर सोडून जाऊ नये. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात म्हणतात, इथे तर पायच ठेवले नाहीत! फक्त एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला, त्यात एक माणूस बसवलेला आणि त्याचे पाय शाबूत. गावचा प्रमुख असावा म्हणतात. म्हणजे पाय न तोडून घ्यायचा मान तेव्हाही मोठ्या घरालाच.

आता हा पुढचा शॉट. लहान मुलांना दोन मडक्यांत ठेवायचे, मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आणि पुरायचे घरातच जमिनीखाली.

(इथे निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

या हाडांवर पुढे दात बघणाऱ्यांनी काम केलं. दात तयार होताना मूल उपाशी राहिलं किंवा मोठं आजारी पडलं तर एनॅमलवर आडव्या रेघा उमटतात आणि त्या हजारो वर्षं पुसल्या जात नाहीत. ब्रशने माती काढायची, भिंगाखाली धरायचं, रेघ बघायची, वहीत लिहायचं आणि पुढचा दात उचलायचा. वस्ती पुढे इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठली.

(कट. वेंगुर्ले. आंब्याची कलमं.)

आता इथे काही संबंध शोधू नका, संबंध नाहीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यात आहे. हापूसच्या दोन तक्रारी आहेत, एक म्हणजे एक वर्ष भरपूर धरतो आणि पुढच्या वर्षी रुसतो, आणि दुसरी, कापल्यावर आत साका निघतो, तो पांढरट स्पंजासारखा भाग, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूसचा संकर केला. वाक्य सोपं आहे, करायला जा. आंब्याचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं. त्यात पुंकेसर साधारण पाच, बहुतेक वेळा कामाचा एकच, तो चिमट्याने आधी काढायचा, मग हापूसचा पराग आणून लावायचा, वर पिशवी बांधायची. असं शेकडो फुलांना, उन्हात, घडवंचीवर उभं राहून. त्यातली बहुतेक गळतात. हजारात एखाद-दुसरं फळ हाताला लागतं, त्याचा बाठा लावायचा, आणि मग पाच-सात वर्षं थांबायचं, कारण झाड फळल्याशिवाय आंबा कसा आहे ते कळणार कसं? आंबट निघाला तर ती वर्षं गेली.

१९८१ मध्ये रत्ना आला, साका नाही, दरवर्षी धरतो. मग रत्ना परत हापूसला जोडला आणि १९९२ ला सिंधू, त्याचा बाठा इतका पातळ की जवळजवळ नाहीच म्हणा. बाजारात मात्र गिऱ्हाईक अजून हापूसच मागतं.

(पहाट. टोमॅटोची शेतं, मागे तबकड्या.)

नारायणगाव. तमाशापंढरी, टोमॅटोचा बाजार, द्राक्षं. इथून जवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या या रेडिओ दुर्बिणी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या तबकड्या. एकूण ३०, पैकी १४ मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना शेताशेतांतून लांबवर गेलेल्या, म्हणून एका फ्रेममध्ये कधीच मावत नाहीत. हे चालवणारी संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, आणि तिचं ऑफिस पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात.

जवळून बघितलं तर तबकडी भरीव नाही, बारीक स्टीलच्या तारेची जाळी आहे, आरपार आकाश दिसतं. कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. रेडिओ लहरी वीतभर आणि त्याहून मोठ्या, त्यांना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत, त्या परततात, आणि वारा मात्र निघून जातो, म्हणून वजन कमी, खर्च कमी. मच्छरदाणीसारखंच, असं आमचा ड्रायव्हर म्हणाला आणि ते सगळ्यात बरोबर होतं.

जाळी ताणून धरायला दोर आहेत, तेही स्टीलचेच, आणि त्यांची देखभाल करायला माणसं चढतात. तो ठिपका दिसतोय ना वर, तो माणूस आहे. खाली आमचे मोबाईल बंद करून ठेवलेले, कारण दूर आकाशगंगेतून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की खिशातला फोन त्यावर ओरडतो. गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच पडणाऱ्या बारीक तरंगांच्या, मंद गुणगुणीचा पुरावा २०२३ च्या जूनमध्ये जगभरातून जाहीर झाला, त्यात इथली निरीक्षणंही होती.

संध्याकाळी तबकड्या एकदम वळतात. हा शॉट तीन वेळा घेतला, दोनदा मध्ये टोमॅटोचा पिकअप आला. तिसऱ्यांदाही आला, पण तोपर्यंत उजेड गेला होता, म्हणून तोच ठेवलाय.