सिंधूवरचा टोल

नमस्कार श्रोतेहो.

१८३१ साली इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याने लाहोरच्या महाराजा रणजितसिंहांना पाच घोडे आणि एक बग्गी नजर केली. एवढी दांडगी जनावरं खुष्कीच्या मार्गाने कशी जाणार? तेव्हा ती होड्यांत चढवून सिंधू नदीतून न्यायची, असं ठरलं. घोडे हे निमित्त. सोबतच्या अलेक्झांडर बर्न्स या कंपनीच्या अधिकाऱ्याचं खरं काम नदीची खोली मोजण्याचं होतं. ही लपवाछपवी खुद्द कंपनी सरकारातल्या चार्ल्स मेटकाफला पसंत नव्हती. वाटेत एक सय्यद म्हणाला, इंग्रजांनी नदी पाहिली, आता सिंध गेलाच. हे बर्न्सनेच लिहून ठेवलंय.

पुढच्याच वर्षी कंपनीचा वकील हेन्री पॉटिंजर सिंधच्या हैदराबादेत वाटाघाटींना बसला. समोर सिंधवर राज्य करणाऱ्या तालपूर घराण्याचे मीर मुराद अली. मीर कच्चे नव्हते. नदी व्यापाराला खुली करतो म्हणाले, पण तीन अटी घातल्या: युद्धसामग्री न्यायची नाही, सशस्त्र जहाज आणायचं नाही, आणि कुणा इंग्रज व्यापाऱ्याने सिंधमध्ये बस्तान बसवायचं नाही. एकमेकांच्या मुलखाकडे लोभाच्या नजरेने पाहायचं नाही, हेही करारात आलं. असं कलम लिहून घ्यावं लागतं, यातच सगळं आलं म्हणा!

मग जकातीचा घोळ. मालावर कर लावायचा, तर ठिकठिकाणी होडी थांबवून गाठोडी सोडायची. म्हणजे हुज्जत आणि चिरीमिरी आलीच. यावर १८३४ साली तोड निघाली. होडी लहान असो की मोठी, ती ३० खरार (खरार म्हणजे माल मोजायचं तिथलं माप) मालाची धरायची आणि खरारमागे १९ रुपये घ्यायचे. झाले ५७० रुपये! समुद्रापासून पार सतलजवरच्या रोपडपर्यंत हा एकच टोल. झडती टळली खरी, पण छोट्या होडीवाल्याचं काय? त्याच्यावरही भार तेवढाच.

अफगाण युद्ध आलं आणि पहिली अट बाजूला सारून कंपनीची फौज सिंधमधून गेली. १८३९च्या फेब्रुवारीत कराची इंग्रजांच्या हाती गेली. त्याच वर्षीच्या नव्या तहात मीरांना टोलही सोडावा लागला. १८४३मध्ये मियाणीच्या लढाईत चार्ल्स नेपियरने त्यांचा पाडाव केला. १८४७ साली सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला, तो थेट १९३६पर्यंत.