शेपटातली पेटी, जॅकेटातला बीकन

[दृश्य: जुहूहून दक्षिणेला निघालेलं चार आसनी विमान. उजवीकडे समुद्र, डावीकडे सह्याद्री.]

निवेदन: या वाटेवर इंजिन बंद पडलं, तर खाली पाणी असतं, कातळाचा सडा असतो, नाहीतर घाटाखालचं रान. बीकन, म्हणजे विमान पडलं की उपग्रहाला रेडिओवरून हाक मारणारी पेटी, घ्यायचा तो या तिन्ही जागा डोळ्यांसमोर ठेवून.

नुसता १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारा जुना बीकन कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती फ्रिक्वेन्सी ऐकतच नाहीत. हवा तो ४०६ मेगाहर्ट्झचा. दर ५० सेकंदांनी तो साधारण अर्ध्या सेकंदाचा, ५ वॉटचा संदेश वर सोडतो. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचे उपग्रह तो टिपतात, बेंगळुरूच्या केंद्रात उलगडा होतो आणि समुद्रातला मामला असेल तर खबर तटरक्षक दलाच्या मुंबईतल्या बचाव समन्वय केंद्राकडे जाते. १२१.५ याच पेटीत असतं, पण जवळ पोहोचलेल्या शोधपथकाला माग काढता यावा, एवढ्यासाठीच.

थोडे पैसे जास्त गेले तरी जीपीएसची जोडणी असलेलाच घ्या. नुसत्या डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रह सरकताना फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या फरकावरून काढलेली जागा ५ किलोमीटरपर्यंत चुकू शकते. घाटाखाली ५ किलोमीटर म्हणजे दोन दऱ्या आणि मधली एक सोंड. जीपीएस असेल, तर फरक साधारण १०० मीटरवर येतो.

[दृश्य: शेपटाजवळचं झाकण उघडलेलं. नारिंगी पेटी, तिच्यावर बाण.]

पेटी शेपटाकडे बसवतात, कारण आपटल्यावर तो भाग बऱ्याचदा शाबूत राहतो. बाण विमानाच्या नाकाकडे हवा. तो उलटा बसला, तर जी-स्विचला, म्हणजे आपटल्यावर पेटी आपोआप चालू करणाऱ्या स्विचला, धक्का कळत नाही. आता पट्टा बघा. हा वेल्क्रोचा आहे, नव्या मानकांनी बाद केलेला. काही वर्षांत तो सैल पडतो, झटक्यासरशी पेटी निसटते, अँटेनाची केबल तुटते. पेटी धडधाकट, पण मुकी! पट्टा धातूचाच हवा आणि केबल आखूड.

[दृश्य: अँटेनाचं बूड, अगदी जवळून. स्क्रूभोवती पांढरी भुकटी.]

ही खाऱ्या वाऱ्याची करामत. अॅल्युमिनियम गंजलं की अँटेनाचं अर्थिंग जातं आणि संदेशाचा जोर घटतो. अँटेना काढायचा, पत्रा घासून लख्ख करायचा, परत बसवून कडेने सील मारायचं. पावसाळा संपला की हे काम आधी.

समुद्रात मात्र एवढी मेहनतही पुरत नाही. ४०६ चे तरंग पाण्यातून बाहेर येत नाहीत. पेटी जागी झाल्यावर पहिला संदेश जायला सुमारे ५० सेकंद लागतात, आणि तोवर शेपूट पाण्याखाली गेलेलं असू शकतं. पाण्यावर अलगद टेकलं, तर जी-स्विच चालूच होणार नाही. म्हणून हवेत असतानाच कॉकपिटमधला स्विच ऑन करायचा.

आणि दुसरा बीकन अंगावर, म्हणजे पीएलबी. सीटमागच्या बॅगेत ठेवलेला पीएलबी विमानाबरोबर बुडतो. तो लाइफ जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधलेला हवा. तो आपोआप चालू होत नाही. अँटेना उलगडून बटण दाबायचं, अँटेना आकाशाकडे धरायचा आणि जीपीएसच्या खुणेवर बोट येऊ द्यायचं नाही. बॅटरी किमान २४ तास चालते. बोटीवरचा ईपर्ब ४८ तास चालतो, तरंगतोही, पण एवढ्याशा केबिनमध्ये ती अडगळ.

परदेशातून जुना बीकन आणला, तर त्यात त्या देशाचा कोड असतो आणि पहिली विचारणा तिकडेच होते. भारताचा कोड ४१९. तो भरून घ्या, नोंदणी करा, मालक बदलला की फोन नंबरही बदला.

चाचणी फक्त ‘टेस्ट’वर. बॅटरी लेबलावरच्या तारखेला बदलायची. एकूण तासभर वापर झाला असेल, तर त्याआधीच.

[दृश्य: विमान धावपट्टीवरून पार्किंगकडे. पायलटचा हात रेडिओवर.]

जोरात टेकलं की पेटी कधी कधी उगाच चालू होते. इंजिन बंद करण्याआधी रेडिओ १२१.५ वर लावून ऐका. वरून खाली घसरणारा सायरन ऐकू आला, तर पेटी गुपचूप बंद करून घरी जाऊ नका. आधी एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवा, शोध सुरू झालेला असू शकतो.