कागदावरची जॅकी के

[पुस्तकाचं पान, अगदी जवळून]

हे स्कॉटिश कवयित्री जॅकी के यांचं १९९१ सालचं ‘द अडॉप्शन पेपर्स’, दत्तकाची गोष्ट सांगणारं कवितेचं पुस्तक. अक्षरांकडे नीट बघा, वळणं तीन आहेत. मुलगी बोलते पॅलाटिनो या टंकात, दत्तक घेणारी आई गिलमध्ये, जन्म देणारी बोडोनीत. गिल सरळसोट, बिनशेपटीचं अक्षर. बोडोनीच्या उभ्या रेघा जाड, आडव्या केसासारख्या. कोण बोलतंय ते ओळीओळीला सांगितलेलं नाही, डोळ्यांनीच ओळखायचं. म्हणून सगळी कविता एकाच टंकात पुन्हा टाइप केली, किंवा ई-रीडरवर आपला आवडता फॉन्ट लावला, की दोघी आयांचं बोलणं एकमेकींत मिसळतं आणि वाचक कवितेलाच दुर्बोध ठरवून मोकळा होतो. मोठ्यानं वाचायची तर तीन वेगळे आवाज घ्यावेत.

[बिशपब्रिग्जची घरं, रस्ता]

जॅकी के यांचा जन्म १९६१ चा, एडिनबराचा. आई स्कॉटिश, वडील नायजेरियन. ग्लासगोलगतच्या या गावात हेलन आणि जॉन के या गोऱ्या, कम्युनिस्ट दांपत्यानं त्यांना दत्तक घेऊन वाढवलं.

[पुन्हा पान : ‘द वेटिंग लिस्ट्स’]

कवितेतली दत्तक घेऊ पाहणारी आई संस्थांचे उंबरे झिजवते. पहिलीला चर्च जवळ नाही हे खटकतं, दुसरीला मिळकत कमी वाटते. तिसरीकडे पाच वर्षांची यादी, चौथीकडे जागाच नाही, पाचवी हो म्हणते पण बाळ नाही. निघता निघता आई सहज म्हणते, आम्हाला रंगाचं काही नाही. तिथं वाट बघणं संपतं. संस्थांच्या लेखी काळं बाळ बाळांत मोजलेलंच नव्हतं, हे एवढ्यावरून कळतं. कवयित्री त्यावर एक शब्दही खर्चत नाही.

[एडिनबरा, दप्तरखान्याची इमारत]

मोठी झालेली मुलगी मूळ जन्मदाखला मागायला जाते. स्कॉटलंडमध्ये १९३० च्या कायद्यापासून दत्तक व्यक्तीला सतराव्या वर्षानंतर तो मिळत असे. इंग्लंडमध्ये हा हक्क यायला १९७५ चा कायदा लागला. अशी खेप शेजारच्या देशात त्या कायद्याआधी घडती तर दारातच अडली असती.

[‘ट्रम्पेट’चं मुखपृष्ठ, मग आतलं पान]

१९९८ च्या या कादंबरीत दाखला मृत्यूचा आहे. जॅझवादक जॉस मूडी मुलगी म्हणून जन्मला, मोठेपणी पुरुष म्हणून जगला. मृतदेह तपासताना डॉक्टरीणबाई लाल पेनानं ‘पुरुष’ खोडून ‘स्त्री’ लिहितात. अक्षर लागत नाही म्हणून तेही खोडतात आणि मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहितात. पुढं नोंदणी अधिकारी, अंत्यसंस्कारवाला, मुलगा, पत्रकार आपापल्या प्रकरणात त्या देहाचा अर्थ लावत बसतात. बायको मिली तेवढी ओळखीच्या नवऱ्यासाठी रडते.

२०१६ ते २०२१ या काळात जॅकी के स्कॉटलंडच्या ‘मकार’, म्हणजे राष्ट्रकवी होत्या. तरी त्यांची ओळख करून देताना आधी ‘नायजेरियन वंशाच्या’ लागतं. ‘इन माय कंट्री’ या कवितेत एक बाई विचारते, तुम्ही कुठल्या? उत्तर येतं, इथलीच.