डिस्प्ले गेला म्हणजे नेमके काय गेले?

(गिरगावातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक अजून चालू आहे त्यांनी अवश्य यावे, असे निमंत्रणात लिहिले होते. सभागृह भरलेले पाहून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. मुंबईच्या घरात जागा थोडी असते, तरी चालती वस्तू टाकून देण्याचा धीर आपल्याला होत नाही. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मी बावीस वर्षे दुरुस्तीच्या टेबलामागे बसलो. तिथे सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य एकच: ‘डिस्प्ले गेला.’ पडदा संपूर्ण काळा असो, चित्र गुलाबी दिसत असो, आडव्या रेघा येत असोत किंवा अक्षरे एकाएकी भल्यामोठ्या आकाराची झालेली असोत, तक्रार याच दोन शब्दांत येत असे. त्यावर मी एकच प्रश्न विचारायचो: केव्हा गेला? बटण दाबल्यापासून की विंडोज आल्यावर? लगेच की अर्ध्या तासाने? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले, तर निम्म्याहून अधिक वेळा पेचकस हातात घेण्यापूर्वीच दोष कुठल्या भागात आहे ते कळते.

त्यासाठी चित्र पडद्यापर्यंत कसे पोहोचते हे डोळ्यांसमोर हवे. प्रोसेसर काय काढायचे ते सांगतो, ग्राफिक्स कार्ड ते चित्र स्वतःच्या मेमरीत रचते, मग ते मागच्या सॉकेटमधून केबलवाटे मॉनिटरकडे जाते, मॉनिटरमधले सर्किट ते पॅनेलवर उमटवते, आणि पॅनेलच्या मागचा दिवा ते आपल्याला दाखवतो. ही साखळी कुठेही तुटली तरी घरातल्या माणसाला दिसते ते एवढेच, की डिस्प्ले गेला. पण वेळेचे अंतर इथे कामी येते. बटण दाबल्यावर कंपनीचे बोधचिन्ह किंवा काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे येतात, तेव्हा विंडोजला ग्राफिक्स कार्ड कसे चालवायचे ते सांगणाऱ्या, ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरचा अजून जन्मही झालेला नसतो. ते चित्र केवळ हार्डवेअरचे असते. रेघा किंवा ठिपके त्या वेळीच दिसत असतील, तर विंडोज पुन्हा टाकून, म्हणजे आपल्या भाषेत ‘फॉरमॅट मारून’, काहीही साधणार नाही. उलट बोधचिन्ह स्वच्छ आले, फिरणारे ठिपके दिसले आणि मग पडदा काळा झाला, तर प्रथम संशय ड्रायव्हरवर किंवा चुकीच्या रिझोल्युशनवर, म्हणजे चित्र किती ठिपक्यांत रचायचे त्या मापावर, घ्यावा. फॉरमॅटसाठी पैसे घेऊन दोष जिथल्या तिथे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांना हा फरक माहीत नव्हता असे मला वाटत नाही.

आता मॉनिटरपासून सुरुवात करू, कारण त्याची परीक्षा घेणे सर्वांत स्वस्त आहे. केबल संगणकाकडून काढावी आणि मॉनिटर चालू ठेवावा. ‘नो सिग्नल’ अशी पाटी दिसली, तर पॅनेल, दिवा आणि मॉनिटरचा वीजपुरवठा हे तिन्ही ठीक आहेत. पाटीही दिसत नसेल, तर खोलीतले दिवे मालवून पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. अंधुक चित्र दिसले, तर पॅनेल जिवंत असून मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारे सर्किट गेले आहे. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी बारीक ट्यूब असत. त्या थकल्या की चित्राला लालसर छटा येते, किंवा मॉनिटर दोन सेकंद उजळून पुन्हा काळा होतो. साधारण १९९९ ते २००७ या काळात बाजारात आलेल्या अनेक मदरबोर्डांवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डांवर, आणि मॉनिटरांत निकृष्ट कपॅसिटर (वीज साठवून तिचा दाब स्थिर ठेवणारे छोट्या डबीसारखे भाग) बसवले गेले होते, आणि त्यांची डोकी फुगलेली मी शेकड्याने पाहिली आहेत. असे कपॅसिटर बदलण्याचा खर्च फारसा नसतो, पण ते काम जाणकारानेच करावे. जुना खोक्यासारखा काचेचा मॉनिटर मात्र कोणीही घरी उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

मॉनिटरची दुसरी परीक्षा मला विशेष आवडते. चित्राचे रंग बिघडलेले असताना मॉनिटरवरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडावा. तो मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाचा त्यात काही हात नसतो. मेन्यूचे रंगही बिघडलेले दिसले, तर दोष मॉनिटरात. मेन्यू स्वच्छ आणि मागचे चित्र गुलाबी, तर दोष केबलच्या दिशेने. याच परीक्षेच्या अभावी याच भागातल्या एका निवृत्त शिक्षकांचा खिसा कापला गेला होता. त्यांच्या पडद्यावर पांढरा कागद जांभळट गुलाबी दिसे. एका दुकानाने ‘कार्ड गेले’ म्हणून नवे कार्ड बसवले, रंग तसाच राहिला, तेव्हा मॉनिटर बदलण्याचा सल्ला दिला. ते गृहस्थ माझ्याकडे केबल पिशवीत घालून आले होते, तीही केवळ सोबत म्हणून. तिची एक पिन वाकून आत गेली होती.

व्हीजीए म्हणजे निळ्या टोपीची, तीन रांगांत पंधरा पिना असलेली ती केबल. आयबीएमने १९८७ मध्ये हे मानक आणले, आणि त्यात लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन वेगळ्या पिनांवरून जातात: पहिली, दुसरी आणि तिसरी. हिरव्याचा संपर्क तुटला की पांढरे गुलाबी-जांभळे होते, लालचा तुटला की निळसर हिरवे, आणि निळ्याचा तुटला की पिवळे. म्हणजे रंग पाहूनच पिन सांगता येते. बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर आपली ओळख आणि आपल्याला पेलणारी रिझोल्युशने संगणकाला कळवतो; त्या तुटल्या तर चित्र दिसते, पण विंडोजला मॉनिटर कोणता ते न कळल्यामुळे योग्य रिझोल्युशन यादीतच येत नाही, आणि अक्षरे फुगलेली वाटतात. अशा वेळी ड्रायव्हरच्या मागे लागण्यापूर्वी दुसरी केबल लावून पाहावी. नववी पिन मात्र अनेक केबलींत मुळातच नसते. ती दिसली नाही म्हणून घाबरू नये.

इथे आपल्या जुन्या चाळींविषयी थोडे. ज्या घरात तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन जोडलेलीच नाही, तिथे कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. तो विजेचा गळतीप्रवाह असतो. तो घरमालकाला किंवा वायरमनला दाखवून अर्थिंग करून घ्यावे, आणि तोपर्यंत केबल लावताना-काढताना संगणक आणि मॉनिटर दोन्हींचे प्लग काढलेले असावेत, नाहीतर सॉकेटमागचा भाग जळू शकतो. संगणक एका बोर्डावर आणि मॉनिटर दुसऱ्यावर असेल, तर व्हीजीएच्या चित्रावर संथपणे वर सरकणारे अंधुक पट्टे दिसू शकतात; दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले की ते बहुधा नाहीसे होतात.

मॉनिटर आणि केबल निर्दोष ठरल्यावर मागच्या बाजूला नजर टाकावी. कार्ड असलेल्या संगणकाला दोन जागी डिस्प्लेची सॉकेटे असतात, मदरबोर्डची आणि कार्डची, आणि अनेक जुन्या मदरबोर्डांवर कार्ड बसवले की मदरबोर्डचे सॉकेट आपोआप बंद होते. घरात रंगकाम झाले, टेबल हलवले, केबल चुकीच्या सॉकेटात गेली आणि ‘डिस्प्ले गेला’, असे किती फोन आले त्याची गणती नाही. याच्या उलटही घडते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला की बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली, सेटिंग्ज मूळ पदावर येतात, आणि डिस्प्ले कार्डातून द्यायचा की मदरबोर्डातून ही निवडही बदलू शकते. घड्याळ रोज मागे जाते अशी तक्रार सोबत असेल, तर प्रथम तो सेल बदलावा.

आता आपल्या हवेचा भाग. समुद्रालगतच्या या शहरात हवेत मीठ असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा कमालीचा वाढतो. मुले परदेशी गेलेली, संगणक जूनपासून झाकून ठेवलेला, आणि गणपतीत कोणीतरी तो चालू करतो. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळा. रॅम (संगणकाच्या चालू कामाची मेमरी) आणि कार्ड यांच्या सोनेरी पट्ट्या आणि स्लॉटमधले स्प्रिंगसारखे संपर्क यांच्यामध्ये बारीक थर बसलेला असतो. कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर असेल, तर तो बोलतो: अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष, एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये आठ आखूड बीप म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीचा. आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे रॅम काढून खोडरबरने घासणे. तो चालतो हे खरे, पण त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. दर पावसाळ्यात रगडून घासल्यास तो निघून जातो आणि मग दोष कायमचा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले स्वच्छ कापड अधिक चांगले. अनेकदा तर रॅम दोन-तीनदा काढून घट्ट बसवण्यानेच संपर्क पूर्ववत होतो.

रॅमचा आणि चित्राचा संबंध काय, असे कोणी विचारेल. वेगळे कार्ड नसलेल्या संगणकात चित्र रचण्यासाठी लागणारी मेमरी रॅममधूनच उसनी घेतली जाते. त्यामुळे रॅमची एक पट्टी सदोष झाली, तर चित्रात रंगीत ठिपके किंवा तुटक चौकोन उमटू शकतात, आणि लोक मॉनिटर विकायला काढतात. दोन पट्ट्या असतील, तर एकेक करून चालवून पाहावी. चित्रात अशी घाण दिसत असताना स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाठवावा आणि तिथे उघडावा. घाण त्या चित्रातही उतरली, तर ती संगणकाच्या आत, मेमरीत किंवा ड्रायव्हरमध्ये तयार होते आहे. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसले, तर ती मेमरीनंतरच्या वाटेवर, म्हणजे बहुधा केबलीत किंवा मॉनिटरमध्ये मिसळते आहे. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

ड्रायव्हरचे दुखणे हल्ली अधिक दिसते, कारण कार्ड जुने आणि विंडोज नवे. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एएमडीने २०१५ मध्ये रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० मालिकांच्या कार्डांना ड्रायव्हरचा नियमित आधार थांबवला. तशाच एनव्हिडिया कंपनीच्या ६०० आणि ७०० मालिकांतील बहुतेक कार्डांसाठी नवी गेमिंग ड्रायव्हरे २०२१ मध्ये संपली. तरीही विंडोज आपण होऊन एखादा ड्रायव्हर बसवते, तो जुन्या कार्डाला मानवत नाही, आणि पडदा क्षणभर काळा होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, पुन्हा सुरू झाला’ अशा अर्थाची सूचना येते. ही सोय व्हिस्टापासून आहे: कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज त्याला नव्याने सुरू करते. ती सूचना क्वचित आली तर दुर्लक्ष करावे. दिवसातून दहादा आली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मागचा ड्रायव्हर परत आणावा. पडदाच काळा असेल, तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून पाहाव्यात. विंडोज १० मध्ये त्याने ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. त्यानेही भागले नाही, तर विंडोज सुरू होत असताना पॉवरचे बटण दाबून धरून लागोपाठ दोन-तीनदा बंद करावे, म्हणजे दुरुस्तीचा निळा पडदा येतो आणि त्यातून सेफ मोडमध्ये जाता येते. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते. तिथे चित्र स्थिर राहिले, तर कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकून त्या कार्डासाठी निर्मात्याने दिलेला शेवटचा ड्रायव्हर बसवावा. माझ्या बॅगेत पेन ड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली कायम असे. हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरून संगणक सुरू करायचा, आणि तिथे तासभर चित्र नीट चालले तर ग्राहकाला निश्चिंतपणे सांगायचे की कार्ड घेऊ नका.

अर्ध्या तासाने बिघडणारे चित्र हा वेगळा प्रकार. त्यात उष्णता पाहावी. कार्डाचा पंखा फिरतो का, त्यात धुळीचा थर किती, चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकून खडू झाली आहे का, हे तपासावे. खेळ किंवा व्हिडिओ सुरू करताच संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएसचे, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे, बारा व्होल्ट ताणाखाली ११.४ च्या खाली जातात का ते मीटरने मोजून घ्यावे. मेलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याची कृती तुमच्या नातवंडांनी तुम्हाला दाखवली असेल. चिपमधले तुटलेले जोड तापल्याने काही दिवस जुळतात हे खरे, पण ते पुन्हा सुटतात, आणि ज्या ओव्हनमध्ये प्लास्टिक आणि रसायनांचा धूर झाला त्यात नंतर नानकटाई करू नये.

आता या टेबलावरचा संगणक मी उघडणार आहे. तो याच वाचनालयाचा आहे, आणि ग्रंथपालांच्या म्हणण्याप्रमाणे मे महिन्यापासून त्याचा डिस्प्ले गेलेला आहे. प्लग काढला, आणि आता पॉवरचे बटण एकदा दाबून धरतो, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ यावे. टॉर्च कोणाकडे आहे?